ताईची कवळी आणि जनरलसाहेबांचा हुकूम

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा कवळ्या बनवणे, आज सकाळी दोन कप चहा घेऊन, डोके ठिकाणावर आणि घरचे सगळे बाहेर असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. दबाव आणील अशी एकच व्यक्ती होती, माझी थोरली ताई, आणि ती आता नाही.

१. राहते घर मुलीला. जावईबापूंनी त्यात खुशाल राहावे, पण भिंतीत खिळा ठोकू नये. मागच्या खिळ्याने नळाचा पाइप फुटला होता, ते मी विसरलेलो नाही.

२. दुकान व सर्व हत्यारे सुनेला. मुलगा विचारील, मला का नाही? त्याने घासलेल्या कवळीने एका गृहस्थांची जीभ आठवडाभर सोलली होती, एवढे उत्तर पुरे. सुनेचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे तिला कधी तोंडावर सांगितले नाही; आता वाचून रडत बसू नये.

३. समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी माझा स्पिरिटचा दिवा अकरा वर्षांपूर्वी "आत्ता आणून देतो" म्हणून नेला. तो त्यांनाच लखलाभ होवो.

४. आता मुख्य मिळकत. लोखंडी कपाटात वरच्या खणात दोन डब्या आहेत. निळीत ताईची कवळी, पांढरीत जनरलसाहेबांची. जनरलसाहेबांवर युद्धगुन्ह्यांचा खटला चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला मी या दोन्ही देत आहे. खटल्याला नऊ वर्षे झाली. माझी साक्ष चार वेळा पुढे गेली, कारण त्यांच्या वकिलांची दर वेळी पाठ तरी धरते किंवा कागद तरी हरवतात. ते माझ्या मरणाची वाट बघत आहेत, हे शेंबडे पोरही सांगेल. म्हणून साक्ष इथेच लिहून ठेवतो.

लढाईच्या दिवसांतल्या एका मंगळवारी दोन्ही कवळ्या तयार होत्या. ताई नदीपलीकडच्या गावात राहायची. पुढच्या दोन दातांत तिला फट हवी होती. "फट ठेव रे, नाहीतर आरशात दुसरीच बाई दिसेल," असा तिचा हुकूम. तिचा आणि साहेबांचा जबडा नेमका एका मापाचा. मी प्रत्येक कवळीच्या आत गिऱ्हाइकाचा नंबर कोरतो आणि नोंदवहीत नावापुढे लिहितो, पण कोरलेला वाचायला मला चष्मा लागतो. साहेब स्वतः दुकानात आलेले, त्यांच्यापुढे म्हातारा दिसू नये म्हणून मी चष्मा खिशातच ठेवला. आणि ताईची कवळी साहेबांच्या तोंडात बसवली.

"टोचतंय," साहेब म्हणाले.

"दोन दिवस घालून फिरा, सवय होईल," मी म्हणालो. हे आम्ही सगळ्यांनाच सांगतो. ती फट त्यांच्या हाताखालच्या सगळ्यांना दिसली असणार, पण सांगायची कुणाची छाती झाली नाही.

दुसरी कवळी ताईकडे गेली. बुधवारी तिचा फोन आला. "अरे, हे दात माझे वाटतच नाहीत! भाजीवाल्याला नुसतं 'काय रे' म्हटलं, तर तो ताठ उभाच राहिला!"

"सवय होईल, ताई."

"तुझ्या बापाला होईल सवय! उद्या येते बदलायला."

"उगाच हेलपाटा कशाला?" मी म्हणालो. तिने माझे ऐकले. जन्मात पहिल्यांदा ऐकले.

गुरुवारी दुपारी साहेबांनी त्याच गावावर तोफा डागायचा हुकूम वायरलेसवरून दिला. "सगळं साफ करा. शाळासुद्धा सोडू नका." ध्वनिफीत न्यायालयात आहे. त्यात प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजते, आणि साहेब म्हणतात, हा आवाज माझा नव्हेच, माझ्या बोलण्यात शिट्टी नाही. बरोबर आहे. ती ताईच्या फटीची, मंगळवार ते शनिवार एवढीच होती. शनिवारी त्यांनी कवळी माझ्या टेबलावर आपटली आणि मी नवी करून दिली. पुढच्या आठवड्यात ताईच्या वस्तूंचे पाकीट आले: घड्याळ, किल्ली, कवळी. या वेळी मी चष्मा लावला. आतला नंबर साहेबांचा होता.

माझी ताई ज्या हुकुमाने गेली, तो तिच्याच दातांतून निघाला होता. इथे अक्षर बिघडले आहे, ते म्हातारपणामुळे नव्हे.

५. दुकानावरची "येथे चूक होत नाही" ही पाटी ताबडतोब उतरवावी, नाहीतर वकील तीच दाखवून मला खोटा पाडतील. ही पाटी वाचवण्यासाठी मी दोन वर्षे तोंड शिवून बसलो होतो, याची मला लाज वाटते. वकील आता म्हणतात, आवाज साहेबांचा निघाला तरी तोफगोळे गावावर चुकून पडले. चूक म्हणजे काय ते मला विचारा. माझ्याकडून चूक झाली, तर मी आजही रोज ती डबी उघडून नंबर पुन्हा वाचतो. गाव गेल्यावर दोन दिवसांनी साहेब माझ्यासमोर उभे होते, आणि त्यांची तक्रार एकच होती: जेवताना टोचते.

६. माझी शिल्लक सुनेच्या प्रवासासाठी. तिने डब्या आणि नोंदवही स्वतः न्यायालयात न्यावी. निकालानंतर निळी डबी परत आणून दुकानात माझ्या खुर्चीसमोर ठेवावी. पांढरी साहेबांना द्यावी. तुरुंगात चावायला लागेल.

सही: कवळीवाला (चष्मा लावून)
ठिकाण: दुकानाची मागची खोली
तारीख: साक्षीच्या पाचव्या तारखेआधी एकोणीस दिवस

साक्षीदार १: शेजारची लाँड्रीवाली. सगळे वाचून सही केली. दोनदा हसले, एकदा नाही.

साक्षीदार २: समोरचा दातांचा डॉक्टर. दोन्ही कवळ्यांचे नंबर मी नोंदवहीशी ताडून पाहिले, बरोबर आहेत. यांनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत, स्वतःची चूक कबूल केली. तीस वर्षांच्या शेजारात हे प्रथमच घडले. दिवा आजच परत केला आहे.