फक्त नाव बदल

शनि. १५ ऑक्टो. २०१६
संध्याकाळी दामल्याकडे, पासिर रिस. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोण व्हावा हे ठरवायला सहा जण बसलो. मत एकालाही नाही. दामले एका उमेदवारावर तुटून पडला. "तरुणपणी सवलती घेऊन युद्ध चुकवलं, आता लोकांची पोरं लढायला धाडणार." खानोलकर त्याच उमेदवाराचा भक्त. म्हणे गणवेशाचं काय घेऊन बसलात, परराष्ट्र धोरण खमकं आहे, चीनला वठणीवर आणेल. हा खानोलकर लिफ्ट बंद पडली की चौथ्या मजल्यावर जात नाही, खाली बाकावर बसून राहतो.

दामल्याचा अथर्व दोन वर्षांपूर्वीच पुण्याला गेला. पी.आर., म्हणजे इथला कायम राहण्याचा परवाना, सोडून. इथे सिंगापुरात राहिला असता तर अठराव्या वर्षी एन.एस., दोन वर्षं लष्कर, सक्तीचं. हे त्याला कोणी विचारत नाही. मीही नाही विचारलं. बटाटेवडे बरे होते.

मंगळ. १८
आमच्या ईशानचं एन.एस.चं पत्र आलं. नाव नोंदवा, मुदत ४ नोव्हें. मेधाला म्हटलं, बघू. ऑफिसातून दामल्याला फोन केला. पाच मिनिटांत त्याची मेल. पी.आर. सोडायच्या अर्जासोबत जोडायचं पत्र, तयार. ग्रुपातल्या तिघांनी वापरलंय म्हणे. "फक्त नाव बदल."
जगभरच्या शूरवीरांची हजेरी घेणारा माणूस, आणि मेलमध्ये हे. किळस आली. पत्र सेव्ह केलं.

शनि. २२
या वेळी खानोलकरकडे, पुन्हा तेच. ईशानला नेलं होतं. दामले ऐन रंगात असताना त्याने विचारलं, "अंकल, अथर्व ऑल्सो नेव्हर सर्व्ह, राइट? देन हाउ?"
 दामले म्हणाला, "बेटा, ते वेगळं. अमेरिका महासत्ता आहे." खानोलकरने चटणी पुढे केली.
मला इतका आनंद झाला की पाणी प्यायला उठावं लागलं. परत वुडलँड्सला घरी येताना ईशान गाडीत माझ्याकडे बघत होता. मी फोन बघत राहिलो.

सोम. २४
प्रिंटरवर पत्र राहिलं. ईशानने उचललं.
"आजीला स्ट्रोक आला?"
आला नव्हता. दामल्याच्या आईला आला होता. पत्रात तिचं अंथरूण, तिचा लुळा उजवा हात, सेवेला नातू लागतो, सगळं होतं. मी खरंच फक्त नावं बदलली होती. माझी आई साताऱ्यात दर रविवारी अजिंक्यतारा चढते.
त्याने तिथल्या तिथे तिला फोन लावला. "आजी, बाबा सेज यू कान्ट गेट अप फ्रॉम बेड." आई हसली, मग म्हणाली, दे बाबाला. मी हातानेच नको म्हटलं. सेहेचाळीस वर्षांचा घोडा.
मेधा भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दामल्याचा एवढा तिटकारा ना तुला? मग त्याची आई कशाला घेतलीस?"

रवि. ३०
दिवाळी. दामल्याकडे फराळाला गेलो नाही. ईशान अभ्यंगस्नानाआधीच पळायला जाऊन आला. म्हणाला, "आय वॉन्ट टू गो, बाबा. ऑल माय फ्रेंड्स गोइंग लाह." पी.आर. सोडायच्या अर्जावर सही माझी लागते, हे त्याला माहीत आहे. सोळा वर्षांचा. अजून दूध नासलंय का हे मेधाला वास घ्यायला लावतो. त्याच्या हातात रायफल

बुध. २ नोव्हें.
आईचा फोन. "माझ्या नावावर नको रे. तुझं काय असेल ते लिही."
ऑफिसला निघण्याआधी पत्र उघडलं. दामल्याची आई काढून टाकली. मग पत्रात काही उरलंच नाही, फक्त तारीख आणि माझं नाव. कारणाच्या जागी लिहिलं, मला भीती वाटते. पुसलं. पुन्हा लिहिलं.
दामल्याचा मेसेज: झालं का?
पलीकडच्या खोलीत ईशान पुश-अप्स काढतोय. एकतिसाला थांबला. परत एकपासून सुरू.
मुदत शुक्रवारी.