फिल्म दुसऱ्यांदा काढली

बदलापूर गाव,
९ नोव्हेंबर १९८७

चि. सुनेत्रास विष्णुमामाचे पोटभर आशीर्वाद.

पत्रास कारण तुझी तक्रार. छातीचा एक्स-रे काढायला उल्हासनगरला तुझ्या दवाखान्यात आलो, तर भाचीने ओळखसुद्धा दाखवली नाही! हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, रोखा. जसा काही मी कवायतीलाच आलो होतो. वर फिल्म हलली म्हणून पुन्हा उभं केलंस. मी कसला हलतोय गं? जन्मभर शाळेत पोरांना हलू दिलं नाही मी.

फिल्म घरी आल्यापासून गावभर फिरतेय. शेजारच्या वेणूबाईंनी ती उन्हाला धरली आणि मास्तरांच्या फासळ्या झकास आल्यात म्हणून सांगितलं. तुझी मामी तेवढ्यावरच खूश आहे.

आमचा गुरुदत्त बडोद्याहून येऊन डॉक्टरांना भेटून गेला. जुना खोकला आहे म्हणतो. तू तर मला आतून पाहिलंयस. खरं काय ते कळव.

तुझा,
विष्णुमामा


अंबरनाथ पश्चिम,
१४ नोव्हेंबर

ती. गुरुदादास सुनेत्राचा सा. न. वि. वि.

मामांचं पत्र सोबत पाठवते. काय उत्तर देऊ रे? आमच्या कामात फिल्म वाचायची ती डॉक्टरांनी, आम्ही तोंड बंद ठेवायचं. रोज परक्यांपुढे ठेवतेच. पण बाबा गेल्यावर या माणसानं मला शिकवलं. मुलीची जात, अंधाऱ्या खोलीत कसलं काम, असं नातेवाईक म्हणत होते, तेव्हा तेच सगळ्यांशी भांडले.

पहिली फिल्म धुऊन दिव्यापुढे धरली, तर फुप्फुसावर डाग. देवा, माझीच चूक निघू दे, असं म्हणत दुसरी काढली. डाग तिथंच होता. आता तू एक फिल्म नेऊन दाखवलीस त्या परळच्या डॉक्टरांनीही ऑपरेशनची वेळ गेली म्हणून सांगितलंय, मग लपवून मिळवायचं काय? सांगू दे ना मला.

तुझी,
सुनेत्रा


बडोदे,
१९ नोव्हेंबर

चि. सुनेत्रास आशीर्वाद.

तुला माझी शपथ आहे, बोलू नकोस. वैशाखात आपल्या वृंदाचं लग्न आहे. बाबांना कळलं तर ते हातपाय गाळतील आणि आई त्यांच्याआधी. एवढं बहिणीचं लग्न होऊ दे, मग मीच सांगेन. कसं सांगणार, विचारू नकोस. ऑफिसात कागद पुढे असतात आणि मी नुसता बसून राहतो. मला काही सुचत नाही गं.

खोकला आहे म्हणून लिही. रागावू नकोस.

तुझा,
गुरुदादा


बदलापूर गाव,
२८ नोव्हेंबर

चि. सुनेत्रास अनेक आशीर्वाद, आणि डोक्यावर एक टपलीही.

कार्ड पोचलं. खोकलाच आहे म्हणतेस. एवढं त्रोटक पत्र तू कधी लिहिलं नव्हतंस. बरं बाई, खोकला तर खोकला.

वृंदाचं लग्न मार्गशीर्षातच उरकायचं ठरवलंय. वैशाखात इथे पाण्याची बोंब असते असं व्याह्यांना सांगितलं. भले लोक, लगेच कबूल झाले.

आता तुला म्हणून सांगतो. पहिल्या फोटोच्या वेळी तू शेवटी श्वास सोडायला सांगितलंस. दुसऱ्या वेळी रोखायला लावलास, बटण दाबलंस आणि पार्टिशनमागे तशीच उभी राहिलीस. मी थांबलो. छाती फुटायला आली तरी थांबलो, म्हटलं आता सांगेल. तू सांगितलंच नाहीस. तेव्हाच मला कळलं. वळून काचेतून पाहिलं, तुझा असा चेहरा मी तुझ्या वडिलांच्या वेळी पाहिला होता.

मला कळलंय हे गुरूला कळू देऊ नकोस. तिकडे एकटा आहे, मोडून पडेल. भीती मलाही वाटते गं, खोटं कशाला बोलू? तू जवळ असलीस की जरा बरं वाटतं, तेव्हा लग्नाला चार दिवस आधीच ये. मामा आहे तोवर हक्कानं हट्ट कर.

आणि कामावर लक्ष ठेव. पुढच्या माणसाला श्वास सोडायला सांगायला विसरू नकोस. बिचारा तसाच उभा राहील.

तुझा,
विष्णुमामा