तुझ्या पानावर काय वाढायचं

आई, तुला खायला काय आवडायचं? काकूने हे मला फोनवर विचारलं. तू सवाष्ण गेलीस, म्हणून दर वर्षी पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला ती पिस्कॅटवेच्या अपार्टमेंटमध्ये तुझं पान वाढते. यंदा तिच्या डोक्यात आलंय की वहिनींच्या आवडीचं एक तरी काही पानावर हवंच. "तू तिचा मुलगा, तुला नाही माहीत तर कुणाला?" म्हणाली. मी म्हटलं, शनिवारी तुम्ही इकडे याल तेव्हा सांगतो.

काका-काकूंना मी राहतो ते हे बंदराचं गाव, न्यू बेडफर्ड, बघायचंय. म्हणजे काकांना देवमाशांच्या शिकारीचं म्युझियम बघायचंय आणि काकूला मी धड जेवतोय का ते. ॲन आर्बरचं कॉलेज अर्धवट सोडून मी बसने फिरत फिरत इथे येऊन टेकलो. मासळीच्या कारखान्यात पेट्या उचलतो, एका म्हाताऱ्या पोर्तुगीज बाईंच्या माडीवर राहतो. तर काका-काकूंसाठी टिपा लिहायला बसलो होतो. गाडी वर टेकडीवरच पार्क करा, बंदराजवळच्या जुन्या गल्ल्यांत सगळी दगडी फरसबंदी आहे. काकू, चपला नको, कॅनव्हासचे बूट घाल आणि साडीवर जाड कोट, इथला वारा पदर जागेवर राहू देत नाही. आधी म्युझियम, मग जेवण, उलटं केलंत तर देवमाशासमोर झोप येईल, कारण इथे एकाच्या प्लेटमध्ये तिघं जेवतात. केल नावाची पालेभाजी आणि बटाटा घालून सूप करतात, दिसायला आपल्या अळूच्या फदफद्यासारखं. पण मांस नको म्हटलंत तर सॉसेजचे तुकडे चमच्याने बाजूला काढून तेच सूप परत आणतात, आणि इतकं मनापासून हसतात की रागावताही येत नाही. मग काकूने गोड पाव घ्यावा. त्यात अंडं असतं. पंधरवड्यात तेही नाही, म्हणजे राहिलं काय, चीज आणि ऑलिव्ह. मध्येच वॉकमनच्या बॅटऱ्या आणायला गेलो, परत येऊन वाचलं तर हे काकूला लिहिलंय की तुला, तेच कळेना. तू आली असतीस तर तुला कुठे नेलं असतं, काय मागवलं असतं, हेच मी ठरवत बसलो होतो.

घरमालकीण बाई खारवलेला कॉड मासा पाण्यात भिजत घालतात, पाणी बदलत राहतात. तू सुका बांगडा घालायचीस तसाच, वाससुद्धा तोच. मी जिन्यात थांबतो आणि तू ओट्याशी उभी असतेस. पण बांगडा तुला आवडायचा का? तू तो करायचीस, एवढंच मला माहीत. बाबा जेवायचे, आम्ही जेवायचो, तू वाढायचीस. एकदा विचारलं होतं की आई, तू कधी जेवणार, तर म्हणालीस, "आधी स्वतःचं पान बघ, अर्धा भात खाली सांडलायस." मी भात वेचत बसलो आणि प्रश्न तिथेच राहिला.

काल बाईंनी त्यांची तांदळाची खीर केली. आपल्यापेक्षा घट्ट, चमच्याने कापावी लागते, वर दालचिनीच्या पुडीची नक्षी, चिमटीने, रांगोळी घालावी तशी. ताटल्या भरून शेजारीपाजारी गेल्या. मी टोप घासायला उचलला तर बाईंनी तो माझ्या हातातून ओढलाच. सिंकला टेकून, उभ्यानेच, लाकडी चमच्याने तळाची खरवड काढून खायला लागल्या. म्हटलं, बसा ना, मी ताटलीत खीर वाढतो.

"खीर लोकांसाठी. हे माझं," त्या म्हणाल्या. "मुलांना वाटायचं, आई बिचारी उरलंसुरलं खाते. मी वाटू दिलं. नाहीतर मागितलं असतं त्यांनी."

आई, मी तिथेच उभा राहिलो. कारण मला तू दिसलीस, मागच्या दारात, टोप मांडीवर घेऊन उलथन्याने भाताची खरवड काढताना. हे मी सगळ्यांना सांगत आलोय. आमच्या आईने जन्मभर खरवड खाल्ली, असं म्हटलं की काकूच्या डोळ्यांत पाणी येतं. आता वाटतं, तू आनंदात होतीस की काय? आठवून बघतो तर तुझी पाठ दिसते, चेहरा दिसतच नाही. भात खाली लागला म्हणून बाबा कुरकुर करायचे, तरी तो पुन्हा लागायचाच. मुद्दाम लागू द्यायचीस? की खरंच तुला तेवढंच उरायचं? दोन्ही असू शकतं का? आणि काकूला काय सांगू, पानावर खरवड वाढ म्हणून? ती म्हणेल, पितरांना करपलेलं कोण वाढतं रे.

आज बाई चर्चला गेल्यावर मी भात टाकला आणि लागू दिला. वरचा काढून ठेवला, खालचा सोडवला, त्यावर मीठ, आणि तूप नव्हतं म्हणून ऑलिव्हचं तेल. बशीत घालून खिडकीत ठेवायचा विचार होता. इथे कावळ्यांऐवजी सीगल पक्षी, ते काय वाटेल ते उचलतात, त्यांच्यावरून तुझी आवड कळायची नाही, पण ठेवायचा. लागलाय कसा ते बघावं म्हणून उभ्यानेच एक घास खाल्ला. मग आणखी एक. कुरकुरीत, थोडासा कडू. शनिवारी काकूला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही, आणि हा कागद टाकायला तुझा पत्ता नाही, म्हणून एवढं लिहून टाकतो. टोप रिकामा झाला, आई. तुझ्यासाठी ठेवायचं मी विसरलो.