राहिलेली ओवाळणी

पूर्णा, भिवंडी
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय कमळ,

दादाचे आशीर्वाद. पेणला सगळे खुशाल असाल. भावोजींचा गुडघा काय म्हणतो? इथे शेवगा फुललाय, आणि गोदामांच्या भिंतींमधून जेवढं आभाळ दिसतं तेवढ्यात मी अजून कविता शोधतो. वहिनीशी तू फोनवर तासभर बोलतेस, पण माझं नाव निघालं की तुझा कुकर शिट्टी देतो. म्हणून कागद घेतला.

वहिनीने तुला नुसता ताप आल्याचं सांगितलं असेल. मीच तसं बजावलं होतं. आता बरा झालोय, तर सगळं ऐक.

जानेवारीत खाडीवर गेलो होतो. उगाच. ओहोटीला आपण जिथे चिखलात उतरायचो, मी पुढे आणि माझ्या शाळेतल्या कविता ओरडत तू मागे, तिथे आता ट्रक उभे असतात. जरा पुढे गेलं की जुनी खाडी भेटते. मासळीत ताज्या शिंगाळ्या मिळाल्या. घरी मीच साफ करायला बसलो. काटा लागला तो डाव्या हाताला, नेमका डायलिसिसच्या. हळद लावली आणि विसरून गेलो.

पुढच्या वेळी मशीनवर असतानाच हुडहुडी भरली. हात सुजून भोपळा झाला. एक औषध झालं, दुसरं झालं, ताप हटेना. शेवटी रक्तात जंतू सापडला. शेवानेला. मी म्हटलं, नाव तर फुलासारखं आहे! आमची डॉक्टर उन्नती, तिशीतली पोर, हसली नाही.

"आजोबा, हा क्वचितच सापडतो. खाऱ्या पाण्यातला आहे. खाडीत हात घातला होतात?"

मी भरती-ओहोटीवर काहीतरी सुरू केलं.

"कविता नंतर. घातला होतात की नाही?"

"शिंगाळ्या साफ केल्यान ना!" तुझी वहिनी मधेच बोलली. "मी सांगत व्हते, ठेवा. पन आयकतील ते कवी कसले!"

औषध बदललं. पण डॉक्टरला हाताची धास्ती होती. डायलिसिससाठी हातात केलेली शिरांची ती जोडणी बंद पडली तर मशीन लावायचं कुठून? भाऊबीजेला तू त्या हाताला कान लावला होतास, आठवतं? आत कामतघरच्या कापडाच्या लूमसारखी घरघर चालते. "दादा, तुझ्या हातान कारखाना चालू हाय की!" म्हणालीस, आणि हसता हसता रडलीस. मग ओवाळलंस, आणि…

ते नंतर लिहितो.

तापात मी म्हणे शाळेतली कविता म्हणत होतो. शेवटची ओळ आठवेना, की पुन्हा पहिल्यापासून. वहिनी कपाळावर पट्ट्या ठेवत म्हणाली, "आठवत न्हाय तवर मरायचं न्हाय." कमळ, गेली दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो, माझं झालंय, आता शांतपणे जाईन. साफ खोटं निघालं ते. मला जगायचं होतं. एखाद्या मोठ्या कामासाठी नव्हे, सकाळच्या अर्ध्या कप चहासाठी. हावरटासारखं जगायचं होतं.

आणि जगलो! सूज उतरली. एका सकाळी उन्नतीने माझीच बोटं धरून त्या हातावर ठेवली. लूम चालू होता! शेजारच्या खाटेवरच्या केसरीनाथांचा एक हात मशीनला, म्हणून ते दुसऱ्या हाताने मांडीवर टाळ्या वाजवू लागले. मी उठून बसलो आणि सगळ्या खोलीला ती कविता म्हणून दाखवली. शेवटच्या ओळीसकट.

काल रक्ताचा रिपोर्ट आला. जंतू नाही. उन्नती म्हणाली, "महिन्याभराने परत बघू. तेव्हाही स्वच्छ असलं तर किडनी बसवण्याचं पुढे नेता येईल. बहिणीचं काय ठरलं?"

तर आता लिहितो. त्या दिवशी मी ताटात साडी ठेवली. तू ती बाजूला सारलीस. "साडी नको. माझी किडनी घेतो म्हन. हीच ओवाळणी." मी चपला घातल्या आणि तसाच निघून आलो. साडी तू पोस्टाने परत पाठवलीस. कपाटात आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही.

माझ्यासाठी तुझ्या अंगावर चीर पडावी, हे मला सोसत नव्हतं. आजही सोसत नाही. पण तुझी ओवाळणी अडवून मी तुला राखत नव्हतो, नुसता रडवत होतो. तुझ्या तपासण्या व्हायच्या आहेत. त्या नको म्हणाल्या तर आपण दोघांनी मुकाट ऐकायचं. भावोजींना विचार, मुलांना विचार, आणि ये. येताना ताट आण, निरांजन आण. कॅलेंडर काहीही म्हणो, आपली भाऊबीज अजून उरकलेली नाही.

साडी तू नेसशीलच. पण ताटात आधी हे ठेवतो.

हो.

जगायची हाव सुटलेला तुझा,
लडकूदादा