एकच फळी

सगाइंग,
वर्षावास लागल्यानंतरचा सोमवार

चि. ल्विन यास मामाचे आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. पाऊस आहे, गुडघा धरतो, टपालासाठी टेकडी उतरवत नाही. तुझी आई बरी आहे. मठातल्या बाकीच्या साध्वी तिला जेवायला हाका मारून थकतात, एवढंच. तू पाठवलेलं चहापत्तीचं लोणचं पोचलं. तीळ कमी होते.

तू लिहिलंस, यांगूनच्या गॅलरीवाल्यांनी आईच्या चित्रांसाठी अख्खं दालन राखून ठेवलं आहे, ट्रक कधी पाठवू? ट्रक नको. बाजारातल्या फोटोवाल्याला बोलावून मी तुला जे फोटो पाठवत आलो, त्यांत चित्रं निराळी आहेत, पण फळी एकच आहे. मला वाटलं, तुला हे माहीत असेल. आई घर सोडून इथे आली तेव्हा तू लहान होतास, तुला कोण सांगणार?

ती नदीकाठची तांबूस माती कालवून फळीवर वर्तुळ घालते आणि त्याकडे बघत बसते. डोळे मिटूनही ते तसंच दिसू लागलं, की माती खरवडते, भिजवते, पुन्हा नवं घालते. तिची साधनाच ती. लोक चित्र म्हणतात.

तुझं पत्र वाचून दाखवलं आणि म्हणालो, "ताई, हे एक तरी ठेव. पोराने तिथे शब्द दिलाय."

"ठेवून काय करू? मातीच ती."

"मग त्याला काय सांगू?"

"म्हणावं, येऊन बघ."

तेव्हापासून मठाची झाडलोट टाकून मी फळीजवळच बसतो. न जाणो, खरवडलं तर? काल म्हणते, "फो न्यो, तू ध्यानाला बसतोस की पहाऱ्याला?" साध्वी हसल्या. मला काही हसू आलं नाही.

आणखी एक, लिहावं की नको असं झालं आहे. एरवी तिला एका वर्तुळाला इतका वेळ लागत नाही. हे मात्र तुझं पत्र आल्यापासून तसंच आहे. विचारलं तर म्हणते, "अजून मनात उतरत नाही." पण मी समोरच असतो ना. ती डोळे मिटतच नाही. फाटक वाजलं की तिकडे बघते. साध्वीने असं करावं का, मला कळत नाही. थोरल्या साध्वींना मी सांगितलेलं नाही.

गॅलरीचं तू बघ. येणार असशील तर लवकर कळव. नाही येणार, तर तेही कळव. तिचे डोळे दुखायला लागलेत.

तुझा मामा,
फो न्यो