लाल रेघेखालच्या दोन ओळी

बाई,

परवा सकाळी पूजा आटोपल्यावर मी पोथीतून तो कागद काढला, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि पेठकडे जाणारी पहिली एस.टी. धरली. निघताना बायकोनं विचारलं, "कुठं?" म्हटलं, एक टपाल द्यायचं राहिलंय. "रजेच्या दिवशीसुद्धा?" ती म्हणाली. पोस्टात नोकरी करणाऱ्याच्या घरात असले विनोद चालायचेच. मी हसलो आणि चप्पल घातली.

कागद तुम्ही लगेच ओळखाल. वहीचं मधलं पान आहे. वर निळ्या शाईत माझ्या दोन ओळी, त्यांच्यावर तुमची लाल रेघ आणि रेघेखाली तुमच्या अक्षरात तुमच्या दोन ओळी. तेहेतीस वर्षांत घड्यांवर विरून आता त्याचे चार तुकडे व्हायला आले आहेत. रोज पोथी उघडताना तो बाजूला काढायचा आणि वाचन झालं की पुन्हा आत ठेवायचा, असं चाललं होतं. देवासमोर मी सगळं केव्हाच कबूल केलं होतं. देवाला सांगणं सोपं असतं, बाई. तो उलटून काही विचारत नाही.

अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली, त्याला तीन-चार वर्षं झाली होती. आमच्या वर्गात बावीस जण, त्यात मुली चार. तुम्ही नाशिक रोडहून पॅसेंजरनं यायचात. स्टेशनवरून रुळाच्या कडेनं चालत रेल्वे फाटकाशी पोचलात की त्या चौघींतली ती तिथं उभी असायची, तुमची वह्यांची पिशवी घ्यायला. पावसाळ्यात डोक्यावर इरलं, एरवी दोन घट्ट वेण्या. तुम्ही "अगं, जड आहे" म्हणायचात, ती "नाय हो बाई" म्हणायची, आणि पिशवी रोज तिच्याच खांद्यावरून शाळेत यायची.

निरोप समारंभाच्या आधी तुम्ही बिस्किटांचा रिकामा डबा वर्गात फिरवला. प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं, मी पुढे कोण होणार. मग डबा माझ्या हातात देऊन म्हणालात, "तुला यमकं जुळवायची खोड आहे ना? सगळ्यांची शेलापागोटी तू लिही." शहरातल्या शाळांत याला फिशपाँड म्हणतात, हे मला पुढे कळलं. तुम्हाला तो शब्द आवडायचा नाही. तुम्ही फळ्यावर लिहून समजावलं होतंत, की शेला आणि पागोटं ही मानाची वस्त्रं. ज्याची थट्टा करायची, त्याला आधी मानानं बसवायचं. म्हणून आपण रंगीत कागदांची बावीस पागोटी केली. प्रत्येकाला पुढे बोलवायचं, डोक्यावर पागोटं ठेवायचं आणि मग दोन ओळी वाचायच्या. "चिमटा काढ," तुम्ही मला बजावलंत, "पण रक्त येता कामा नये."

त्या चिठ्ठ्या अजून डोळ्यांसमोर आहेत. गँगमनच्या मुलाला गार्ड व्हायचं होतं. शेवटच्या डब्यात एकट्यानं बसायचं आणि हिरवं निशाण हलवलं की अख्खी गाडी आपलं ऐकणार, एवढंच त्याला त्यातलं ठाऊक. फाटकाजवळच्या क्वार्टरमध्ये राहून हा पठ्ठ्या शाळेत सगळ्यांत उशिरा पोचायचा. त्याच्यासाठी मी लिहिलं:

शाळेत येतो दुसऱ्या तासाला, होणार म्हणे गार्ड;
गाडी सुटेल नाशिकहून, हा शोधत असेल यार्ड.

एकाला फौजेत जायचं होतं. त्याचा आवाज मोठा, छाती त्याहून मोठी, आणि पाल दिसली की पाय बाकावर.

सीमेवरती उभा राहीन, म्हणतो छाती काढून;
पाल दिसली भिंतीवरती, बसला बाकावर चढून.

तिसऱ्याला डॉक्टर व्हायचं होतं. त्याचं अक्षर तेव्हाच कुणाला लागायचं नाही.

अक्षर झालंय डॉक्टरचं, बाकी सगळं राहिलंय;
लिहिलंय कोणतं औषध यानं, देवानंच ते पाहिलंय.

हे वाचून तुम्ही स्टाफरूममध्ये पदर तोंडाला लावून हसलात. तुम्हाला हसवता येतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि तिथंच माझं डोकं फिरलं.

तिच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता. बाई. वर्गात मुलांनी तेव्हाच तिची फिरकी घेतली होती, "अगं, बाई तर तू हायसच की!" ती तिरमिरून म्हणाली, "तशी नाय रे मुडद्यांनो. शाळेतली. आपल्या बाईंसारखी." त्या एका शब्दाचे दोन अर्थ मला सापडले, आणि सापडलेलं सोडवेना. ती फाटकाशी उभी राहायची तुमच्यासाठी. पण फाटकाशी गँगमनचं क्वार्टरही होतं, आणि क्वार्टरमध्ये आमचा गार्ड.

फाटकापाशी रोज सकाळी वाट पाहते कुणाची?
बाई व्हायची घाई हिला, खूण हिरव्या निशाणाची!

तुम्ही हसला नाहीत. लाल पेन उघडून रेघ मारलीत आणि म्हणालात, "हिच्यात नि त्या मुलात काही आहे का?" मी म्हटलं, नाही बाई, नुसतं यमक जुळलं. "यमकासाठी माणूस मोडू नये," तुम्ही म्हणालात, आणि तिथंच रेघेखाली लिहून दिलंत. मग माझी चिठ्ठी हातात धरून म्हणालात, "पोस्टमन का रे?" मी सांगितलं, गावात सगळे त्याचीच वाट बघतात म्हणून. माझं शेलापागोटं मात्र तुम्ही मला दाखवलं नाहीत.

समारंभाचा दिवस. व्हरांड्यात पालक उभे आहेत, तिचे वडील खांबाला टेकून, गिरणीतल्या भाताचा कोंडा अजून टोपीवर. फौजेतल्याच्या ओळींना इतका हशा पडतो की हेडमास्तर डोळे पुसतात. मी प्रत्येक नव्या नावाला अधिक ठसक्यात वाचतो आहे. तिचं नाव येतं. तुम्ही स्वतः तिच्या डोक्यावर गुलाबी पागोटं ठेवता. ती तुमच्याकडे बघून हसते. कागद माझ्या हातात आहे, लाल रेघ मला दिसते आहे, रेघेखालचं तुमचं अक्षर दिसतं आहे. आणि मी रेघेच्या वरचं वाचतो.

मागच्या बाकांवरून "गार्ड! ए गार्ड! निशाण दाखव!" शिट्टी. गार्ड बिचारा लाल होऊन खाली मान घालतो, आणि मान घातली म्हणूनच लोकांना ते खरं वाटतं. तिचे वडील गर्दीतून पुढे आले, त्यांनी तिचा दंड धरला आणि तिला घेऊन गेले. पागोटं तिच्या डोक्यावर तसंच होतं. ते काढायचं तिलाही सुचलं नाही. शाळेच्या उतारावरून ते गुलाबी पागोटं खाली खाली जाताना मी पाहत राहिलो. त्या गडबडीतही तुम्ही कार्यक्रम पुरा केलात. शेवटी माझ्या डोक्यावर पागोटं ठेवून तुमच्या शांत आवाजात वाचलंत:

गावाची पत्रं वाटत फिरेल हा उन्हापावसात;
स्वतःचं सांगायचं मात्र राहील याच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील हेडमास्तरांच्या खोलीत आले. मला दाराशी उभं केलं होतं. "कोणी लिवलं ते?" त्यांनी विचारलं. मी दाराची कडी धरून उभा राहिलो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. "मी," तुम्ही म्हणालात, "कार्यक्रम माझा, ओळी माझ्या. मुलानं फक्त वाचलं. पण मुलीत काही खोट नाही, तिला परीक्षेला बसू द्या." "बाई, ती घरात देवाच्या आधी तुमचं नाव घेती," ते म्हणाले, "आता गावाला काय सांगू मी?" मार्चची परीक्षा सुरू झाली तेव्हा तिचा बाक रिकामा होता. त्याआधीच पेठकडच्या एका गावात तिला उजवली होती. मे महिन्यात संस्थेनं तुमची बदली केली. मी पास झालो.

तुम्हाला वाटेल, पुढे मी आलोच नाही. आलो होतो, तुम्हीही विसरला नसाल. पोस्टात लागल्यावर दोन-तीन वर्षांनी, नाशिक रोडच्या तुमच्या त्या दोन खोल्यांत. तुम्ही स्टोव्हला पंप मारत होतात. स्टोव्हच्या आवाजात बोलणं सोपं जाईल असं वाटून मी म्हटलं, "बाई, ते शेलापागोटं..." तुम्ही थालीपीठ उलटलंत. "खा आधी." मी खाल्लं. मग तव्याकडे बघतच तुम्ही म्हणालात, "मी गेले होते पेठला. तिनं दार उघडलं नाही. ओट्यावर बसले तासभर आणि परत आले." मी विचारलं, "मी जाऊन सांगू का तिला?" तुम्ही स्टोव्ह बंद केलात. इतकं शांत झालं, की तव्यावरचं तेल तडतडताना ऐकू येत होतं. "सांग, तुला सांगावंसं वाटेल तेव्हा. पण माझ्यासाठी नको सांगूस. तिच्यासाठी सांग." जाताना तुम्ही मला शाईचं पेन दिलंत. त्यानंतरच्या वर्षी तुम्ही गेलात. मला कळलं ते तुमच्या पत्त्यावरून परत आलेल्या माझ्या पाकिटावरून. 'मयत' हा शेरा दुसऱ्या पोस्टमनच्या अक्षरात होता.

बाकीच्यांचं सांगतो. फौजेतला सुभेदार होऊन परत आला, अजून पालीला भितो. डॉक्टर व्हायचं होतं त्याचं औषधाचं दुकान आहे, आणि कुठल्याही डॉक्टरचं अक्षर त्याला बरोबर लागतं. गार्ड रेल्वेतच लागला, पण फाटकावर. मी समोरून गेलो तर तो दुसरीकडे बघतो.

ती अंगणवाडीत मदतनीस आहे, बाई. सेविका व्हायला दहावी लागत होती. एवढी वर्षं ती तिथं खिचडी शिजवते, पोरांची नाकं पुसते, आणि सेविका आल्या नाहीत की शिकवतेही. मी पोचलो तेव्हा चुलीवरची खिचडी उतरवत होती. केस पांढरे, पण वेणी तशीच घट्ट. एका पोरानं हाक मारली, "बाई, ह्यो मला मारतो!" आणि ती वळली. मला दारातच उभं राहावं लागलं.

तिनं ओळखलं. "पोस्टमन ना रं तू?" मी सगळं उभ्यानंच सांगितलं. ओळी माझ्या होत्या, बाईंनी खोडल्या होत्या, नाव त्यांनी स्वतःवर घेतलं आणि मी गप्प बसलो. कागद पुढे केला. तिनं हात पदराला पुसले, कागद चुलीपासून लांब नेऊन उजेडात धरला. लाल रेघेवरून तिनं बोट फिरवलं. मग रेघेखाली.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच. तवा वाचायचं हुतं तसं."

पोरं गोळा झाली होती. मी वाचलं:

हिच्या वर्गात बसायला मी परत पहिलीत येईन;
पाटी विसरले तर हिच्याच हातची छडी खाईन.

पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय कळलं कोण जाणे. ती हसली नाही, रडलीही नाही. "त्या आल्या हुत्या," ती म्हणाली. "त्या ओट्यावर बसल्या हुत्या. मी आत कडी लावून, फटीतून बघत हुते. उन्हाचं आल्या हुत्या रं. तांब्याभर पाणी नाय दिलं मी." मग तिनं विचारलं, "कवा गेल्या?" मी सांगितलं. तिनं बोटांवर वर्षं मोजली आणि मोजणं अर्धवटच सोडलं. "तू लय उशीर केलास," ती म्हणाली. मला पाट दिला, खिचडी वाढली. मी खाल्ली. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. इतकी वर्षं तिच्याजवळ निदान तुमच्यावरचा राग तरी होता. तोही मी परवा काढून घेतला, आणि त्याच्या जागी काय ठेवून आलो, ते तुम्हीच जाणा.

हे पत्र तुमच्याच पेनानं लिहितो आहे. पत्ता नाही, म्हणून खिशातच राहील. तेवढं तुमचं खरं ठरलं. पण एक गोष्ट देवालाही कधी सांगितली नव्हती. हशा मिळावा म्हणून मी त्या ओळी वाचल्या, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. तुमच्या दोन ओळी माझ्या सगळ्या ओळींपेक्षा चांगल्या होत्या. ते मला तेव्हाच, कागद हातात असतानाच कळलं होतं, आणि म्हणून मी त्या वाचल्या नाहीत. हेसुद्धा परवा तिला सांगितलं. तिनं कागदाच्या घड्या नीट जुळवल्या आणि तो अंगणवाडीच्या हजेरीवहीत ठेवला. मी रिकाम्या खिशानं एस.टी.त बसलो.