पुनवेचे खेकडे

प्रिय साळू,

आधी नाथाजी आले, एकटेच, बैलगाडी ओढ्यापाशी सोडून, आणि मी भांडी घासत राखेनं माखलेली. तुला मागणी घालणारी शिराळ्याची माणसं परवा यायची, ती आजच उगवली. मागून त्यांच्या बायको बनुबाई आल्या, उसाच्या सरीतून चालल्यानं लुगड्याला चिखल. मुलगा कृष्णात काही आला नाही. लढाई संपली तरी पलटणीतून सुटायचे त्याचे कागद अजून पुरे झालेले नाहीत म्हणे.

तर तुझ्या बापानं, आकारामनं, नाथाजींना खेकडे आवडतात म्हणून लगेच वारणेवर धाव घेतली आणि टोपली भरून आणली. दिवस कुठला, तर पुनवेच्या तोंडचा! बाबा, चांदण्यात खेकडा वाळतो नि अंधाऱ्यात भरतो, हे तुला या वयात मी सांगायचं? कवटी उघडावी तर आत नुसतं पाणी. शेवटी बनुबाईच पदर खोचून पाट्याशी बसल्या. बारीक पाय, कवट्या, सगळं वरवंट्यानं चेचायचं, पाणी घालून फडक्यातून पिळायचं आणि त्याचा रस्सा करायचा असं आम्ही ठरवलं. नांग्या तेवढ्या नाथाजींच्या ताटासाठी बाजूला काढल्या.

बाहेर सोप्यात नाथाजींनी बोलणं काढलं. लग्न यंदाच, आणि मुलीची शाळा आता बंद. आकाराम हो ला हो म्हणत होता. तुझी मॅट्रिक एवढ्या तोंडाशी आलेली, माझा तर हातच चालेना.

मग काय सुचलं कोण जाणे. सुट्टीत परातीत खेकडा घालून तू मला त्याच्या अंगाअंगाची इंग्रजी नावं सांगत होतीस ना, तुमच्या बाईंच्या त्या जुनाट पुस्तकातली, ती मी बनुबाईंना सांगायला लागले. नांगीला क्ला. कवटीला शेल. भाकरीच्या कडक पापुद्र्याला क्रस्ट, आणि खेकड्याच्या साऱ्या जातीचं नाव, क्रस्टेशिया, म्हणे त्याच घरातलं. म्हणजे साहेबाकडं भाकरी नि खेकडा भाऊबंदच. बनुबाई हसून हसून पाट्यावर वाकल्या. मग विचारू लागल्या, पोटाखालच्या झाकणाला काय, डोळ्याच्या दांडीला काय, आणि हे आपण चेचतोय त्याला काय. मला कुठलं यायला! म्हटलं, साळूला येतं सगळं, पण तिचं पुस्तक अजून अर्धं राहिलंय.

त्यांचा वरवंटा थांबला. मग हळू आवाजात सांगू लागल्या, लढाईवरून कृष्णातची पत्रं यायची ती गावच्या मास्तरांकडून वाचून घ्यावी लागायची. लेक आईला काय लिहितो ते आधी मास्तरांना कळायचं, चावडीला कळायचं, आणि मग आईला. एवढं बोलून उठल्या त्या तशाच माखल्या हातांनी सोप्याच्या उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"आवं, पोरीचं पुस्तक पुरं हुं द्या. लगीन पुढल्या सालाला करू."

नाथाजी म्हणाले, लोक नावं ठेवतील.

"ठेवू द्यात की. लोकं मला पत्रं वाचून दावायला येणार हायत व्हय?"

नाथाजी मिशीवर हात फिरवू लागले. जेवताना मात्र त्यांनी रस्सा मागून मागून घेतला, तेव्हा मी ओळखलं, हा माणूस विरघळला. साळू, मला इतका आनंद झाला की भाकरी तव्यावर करपली तरी कळलं नाही.

आता हे घाईनं का लिहिते ते ऐक. तुझ्या बापानं गेल्या आठवड्यातच तुला पत्र घातलंय, शाळा सोडून ट्रंक बांधून ये म्हणून. मला ते आज पंगतीत कळलं. ते तुझ्या हाती पडलं असेल, आणि तू तिकडं सांगलीत रडून डोळे सुजवून बसली असशील. ट्रंक बांधली असशील तर सोड. मात्र एका दिवसाची रजा काढून ये, कारण तोवर कृष्णात सुटून येईल, त्याला घेऊन ती पुन्हा यायची आहेत आणि तो तुला पसंत पडतो का ते तुझं तूच बघायचं. नाही पडला तर माझ्या कानात सांग, पुढं मी निस्तरते. आता खेकडा भरलेला असेल तेव्हाच येऊ, असं बनुबाई गाडीत बसता बसता म्हणाल्या. असल्या बोलण्यांना तो दिवस कुणी धरत नाही, आकारामनं तोंडही वाकडं केलं. पण बाईनं शब्द दिलाय, येत्या अवसेला.

तुझीच,
रंगूआजी